आबांनी पाजलेला चहा

"चहा घे," असं आबा म्हणाले की समजायचं, आपलं नाव कटलं. एरवी हा माणूस स्वतःच्या खिशातून कुणाला पाणीही पाजणारा नव्हता.

आबा आमच्या लोणावळ्याच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर. बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. कानावर पेन्सिल, काखेत वही. आमच्या मावळातल्या लीगचा नियम असा की एका संघानं सगळ्या खेळाडूंना मिळून हंगामाला पाच लाखांच्या वर द्यायचे नाहीत. नवा खेळाडू घ्यायचा तर त्याची जागा त्या पाच लाखांतच करायची. "जागा लागंल रं," म्हणत आबा वहीतल्या नावांवरून अंगठा फिरवायचे, आणि तो कुठं थांबतो ते आम्ही श्वास रोखून बघायचो.

हंगाम संपला की करार संपलेले खेळाडू मोकळे व्हायचे. बाकीचे संघ पहिल्याच आठवड्यात त्यांच्या दारात उभे. आबा मात्र दुकानात खिळे मोजत बसायचे. सगळ्यांचे पाच लाख भरले, की उरलेला एखादा चांगला खेळाडू आपल्या पायांनी दुकानात यायचा आणि आबा म्हणतील त्या पैशांवर सही करायचा. लोक याला हुशारी म्हणायचे. तुम्हीही म्हणाल. मी अडवणूक म्हणतो.

सलीम आमचा गोलकीपर, नऊ वर्षं. एरवी खंडाळ्याच्या एका हॉटेलची गाडी चालवायचा. गेल्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात चेंडूवर झेपावताना त्याचा डावा गुडघा गेला. क्लच दाबता येईना. ऑपरेशन झालं तरच ड्रायव्हरची नोकरी टिकणार होती. यादीतल्या खेळाडूच्या दवाखान्याचा खर्च क्लब करायचा, आणि तो पाच लाखांत धरत नसत. म्हणजे सलीमचं नाव यादीत राहायला हवं होतं, एवढंच.

नेमका तेव्हाच पुण्याचा एक स्ट्रायकर मोकळा झाला. आबांचा अंगठा सलीमच्या नावावर थांबलेला मी पाहिला. मी नवलाख उंबऱ्याला कारखान्यात कामाला, माझा पगार चालू होता. पहिली पाळी संपवून तडक दुकानात गेलो.

"आबा, माझे निम्मे कापा, पण सलीमला ठेवा."

"निम्मं पुढच्या हंगामात देतो. चालंल?"

"चालेल."

"मंग कर सही."

केली. दुसऱ्या दिवशी आबांनी सलीमला दुकानात बोलावलं आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

मी जाऊन भांडलो. अख्खा बाजार ऐकत होता. आबांचा आवाज चढला नाही.

"तुझं निम्मं आन् त्याचं सगळं, तवा कुटं त्यो गडी बसला. मी कवा म्हनलो, सलीमला ठिवतो म्हनून?"

खरंच म्हणाले नव्हते. तेच मला जास्त लागलं.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. समोरच्याचा चहा संपेपर्यंत आबा जागचे उठत नसत, गिऱ्हाईक ताटकळलं तरी. "गरम हाय तवर पी," म्हणत बसून राहायचे. सलीमनं त्या दिवशी बराच वेळ लावला, तर तेवढा वेळ बसले. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही लीग जिंकलो. गोल त्या स्ट्रायकरचाच. पोरांनी आबांना खांद्यावर घेतलं, मी हात लावला नाही. सलीम आता त्याच हॉटेलच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना फाटक उघडतो.

यंदा आबा गेले. तेरावं झाल्यावर सलीम म्हणाला, "चल, घरी भेटून येऊ." मी नको म्हणत होतो. तो काठी टेकत निघालाच, मग त्याला एकट्याला कसा सोडणार?

आबांच्या बायकोनं, मावशींनी, आमच्यापुढे दोन कप आणून ठेवले आणि समोर बसल्या. त्यांच्यामागे फळीवर ती वही तशीच होती. सलीमनं कप उचलला. माझा हात पुढे होईना. माणूस गेला होता, पण माझा राग गेला नव्हता.

"पी रे," सलीम हळूच म्हणाला, "गरम आहे तोवर."

त्याचा कप रिकामा झाला. माझ्या चहावर साय धरली, आणि मावशी तो संपायची वाट बघत समोर बसून राहिल्या.