गरम पाण्याचा पंप कुणाचा

संध्याकाळी मी बॉयलिंग हाऊसखाली ठेवलेला पंप सकाळी मिल हाऊसखाली सापडला. पंप जागेवरच होता, हलला होता तो कॉम्प्युटरमध्ये. मी दचकले. माझंच काहीतरी चुकलं असणार, असं समजून गुपचूप परत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

साखर कारखान्यात किस्से बगॅससारखे, म्हणजे उसाच्या चिपाडासारखे साचतात. कितीही जाळा, ढीग तेवढाच. माझा ढीग या पंपापासून सुरू झाला.

कारखान्यात मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर आलं आणि सगळी यंत्रं त्यात बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वर कारखाना, त्याखाली विभाग, विभागाखाली यंत्र, यंत्राखाली मोटर, बेअरिंग. याला ट्री म्हणतात. मिरजगावहून आई फोनवर विचारते, "लावली का गं सगळी झाडं?" मी हो म्हणते. समजावायचं त्राण उरलेलं नसतं.

*

ट्री पहिल्यांदा दाखवली, तेव्हा ऊस गाळणाऱ्या मिलचे फोरमन म्हसेकाकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"बॉयलिंग वर आन् मिल खाली?"

"काका, ते ए-बी-सी-डीप्रमाणे लागलंय."

"मग ऊस बी आदी बॉयलिंगला पाठवू का?"

मी मिल वर घेतली. दुपारी, रस उकळून साखर करतात त्या बॉयलिंग हाऊसचे फोरमन गाडेमामा आले. रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, रस तर रस्त्यावरचा गुऱ्हाळवाला बी काढतो. साखर कोन काढतं, तेवढं सांगा."

*

मिलमध्ये एक मोटर आहे. तिचं नाव पाहुणा. शेजारच्या कारखान्याकडून एका सीझनपुरती मागून आणली होती, ती परत गेलीच नाही. सॉफ्टवेअरला तिची खरेदीची तारीख हवी. तारखेशिवाय ते पुढच्या पानावर जाऊच देत नाही.

मी म्हसेकाकांना विचारलं, "ही आली कधी?"

"पाहुन्याला कुनी इचारतं व्हय, कवा आलात म्हनून?"

*

आता तो पंप. उसाच्या चिपाडात राहिलेला रस निघावा म्हणून मिलमध्ये त्यावर गरम पाणी मारतात. ते पाणी पाठवणारा पंप उभा मात्र बॉयलिंग हाऊसमध्ये. ज्याच्या नावावर पंप, त्याच्या मोबाईलवर सॉफ्टवेअरचे मेसेज, आणि साहेबांच्या मीटिंगमध्ये उत्तरंही त्यानंच द्यायची.

गाडेमामा म्हणाले, "पानी कुनाला देतो? मिलला. मग त्यांचा."

म्हसेकाका म्हणाले, "घरजावयाचं नाव कुठल्या रेशनकार्डात असतं? ऱ्हातो तितल्या."

दोघांना बेअरिंगचं तापमान भरायला लॉगिन दिलं होतं. ते कसं भरायचं, हे मी शिकवून शिकवून थकले. जमलं नाही. पंप एकमेकांच्या विभागात ढकलणं मात्र कुणी न शिकवता आलं.

साहेबांना सांगितलं. ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "गाळपाची मोळी पडायच्या आत ट्री लॉक करायची. एक जरी मशीन बेवारस दिसलं, तर तुमच्या कन्फर्मेशनचं पुढच्या सीझनला बघू."

तेवढ्यात बाहेर वाफ सुटली आणि माझ्या हातातला पेन पडला. दारात उभे असलेले गाडेमामा म्हणाले, "वाफ हाय मॅडम, वाघ न्हाई."

*

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. ज्यानं त्यानं आपापल्या यंत्राला झेंडूची माळ घातली. मी मुद्दाम त्या पंपाकडे गेले. त्याला दोन माळा होत्या. एक मिलकडची, एक बॉयलिंगकडची.

मला भरून आलं. तशीच म्हसेकाकांकडे गेले. "काका, मग तुमच्या नावावर करू?"

"माळ घातली म्हंजी आपला झाला का? शेजाऱ्याच्या गनपतीला बी हात जोडतोच की आपन."

गाडेमामांना विचारायला मी गेलेच नाही.

*

मोळीच्या आदल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "लॉक?" मी "हो सर" म्हणून बसले. पंप तेव्हाही अधांतरीच होता. विभाग टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर लॉक होईना, म्हणून मी 'ऑफिस' टाकलं आणि जबाबदार व्यक्तीच्या जागी स्वतःचं नाव. ऑफिसात माझ्याखाली एक प्रिंटर होता, आता पंपही आला.

दुपारी पंपाची ट्रायल होती, त्यासाठी त्याला तापमानाचा सेन्सर लावला होता. चहाचा कप तोंडाशी नेला आणि मोबाईल किंचाळला. बेअरिंग गरम, ताबडतोब पाहा. जबाबदार म्हणून माझंच नाव. कप लवंडला.

म्हसेकाकांना फोन लावला. रिंग वाजून बंद. गाडेमामांना लावला. तेच. दुसरा मेसेज आला, तापमान आणखी वर. मला पंप बंद कुठून करतात तेही माहीत नव्हतं. उद्या मोळी, पंप जळाला तर ट्रीमध्ये नाव माझं. पुन्हा म्हसेकाका. पुन्हा गाडेमामा. रिंग वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. पंप कुणाचा नाही म्हटल्यावर त्याचा फोन तरी कोण घेणार? जिन्यावरून धावता धावता म्हसेकाकांना शेवटचा लावला.

फोन उचलला गेला. आधी नुसती यंत्रांची घरघर. मागून गाडेमामांचा आवाज, "तेवढा पाना दे रे म्हसे." मग म्हसेकाका:

"मॅडम, पंप बंद केलाय. दोगांचे बी हात ग्रीसनी भरल्यात, फोन कसा उचलावा मान्सानी? आन् मशीन तुमचं ना? मग या की हितं, टॉर्च धरायला कुनी न्हाई."