बाईसाहेबांचं पडसं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही ‘नाही’ असं लिहायला घेतलं की पेन थोडं अडतं... एवढंच. या सदरातले अनुभव मी आजवर हसतच वाचले. माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं, मराठी लिहायची सवय कमी, तेव्हा सांभाळून घ्या.

मी तेव्हा कॉलेजसाठी ठाण्याला, नौपाड्यात काकूकडे राहत होते. आईवडील नागपूरला. काका आदल्या हिवाळ्यात गेले. मागे राहिली काकू, आणि छपरीतली काळी मोटार – लढाईच्या आधीची. काका तिला ‘बाईसाहेब’ म्हणत. इंजिनातून तेल गळायला लागलं की म्हणायचे, “बाईसाहेबांना पडसं झालं!”

मग त्यांची ठरलेली पद्धत. इंजिन रॉकेलने लख्ख पुसायचं, वर तांदळाची पिठी भुरभुरायची आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं. तेल झिरपेल तिथली पिठी काळी पडते. जागा सापडली की काका घरात जाऊन काकूच्या करंड्यात बोट बुडवायचे आणि तिथे कुंकवाचा ठिपका लावायचे – पाना शोधेपर्यंत जागा हरवू नये म्हणून. काकू आतून ओरडायची, “अहो, तेलकट बोटं करंड्यात घालू नका!” माझ्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या हे ऐकत आणि त्यांच्या हातात पाने देत गेल्या.

काका गेल्यावर काकूने तो करंडा सुनेला देऊन टाकला. तो गेला डोंबिवलीला. काकू मात्र रोज दुपारी मोटारीच्या मागच्या सीटवर बसून भाजी निवडायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

गळती वाढली. छपरीत तेलाचं थारोळं व्हायला लागलं. वसंतदादाने – काकूच्या मुलाने – कल्याणहून मेकॅनिक आणला. तो खाली वाकून म्हणाला, “मागचं सील गेलंय. आख्खं इंजिन उतरवायला लागेल. त्यापेक्षा मोडीत द्या.” दादाने गिऱ्हाईकही ठरवलं. ते रविवारी संध्याकाळी येणार होतं.

दादाला अडवणं काकूला जमलं नाही. मलाही जमलं नाही... चार माणसांत बोलायची मला सवय नाही. रविवारी सकाळी मात्र ती मला हळूच म्हणाली, “बेबी, तू एकदा बघ ना गं. ह्यांच्याजवळ तूच असायचीस.”

मी इंजिन पुसलं, पिठी टाकली, चालू केलं. बाकी सगळं पांढरं राहिलं. फक्त मागे, अगदी खाली काळा ओघळ – मेकॅनिकने सांगितलं तिथेच. मी बॉनेट लावून टाकलं. तेवढ्यात दादा आला, आणि आम्ही तिघं जेवायला बसलो. काकूने वालाची उसळ केली होती, पण कुणी मागून घेतली नाही.

जेवणानंतर दादा बॉनेट उघडायला गेला, आणि तिथूनच ओरडला, “मेमसाहेब, हा काय फाजीलपणा?” कॉन्व्हेंटवरून तो मला ‘मेमसाहेब’ म्हणून चिडवायचा.

इंजिनाच्या मागच्या बाजूला, त्या ओघळाच्या बऱ्याच वर, तेलाचं प्रेशर दाखवणाऱ्या काट्याकडे जाणारी बारीक नळी आहे. तिच्या जोडावर कुंकवाचा ठिपका होता. गोल, ओला, वर जरासा ओढलेला. आणि भोवतालची पिठी जशीच्या तशी! तिथे हात घालायचा तर मनगट चारही बाजूंनी घासलं असतं.

“मी नाही लावला,” मी म्हटलं. “मी बाटलीतलं गंध लावते. कुंकू घरात नाहीच.”

“करंडा तर आमच्याकडे...” दादाने जोडाच्या मागून बोट फिरवलं. बोट काळं झालं. तेल तिथून निघून इंजिनाच्या पाठीने खाली उतरत होतं. सीलचा काही संबंधच नव्हता! जोडातली तांब्याची चकती चिरली होती. दादाने नवी आणून बसवली. मग आम्ही इंजिन तापवलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. कागद कोरडा राहिला.

गिऱ्हाईक आलं तेव्हा दादा दारातच म्हणाला, “माफ करा, गाडी द्यायची नाही.”

पुढच्या रविवारी बाईसाहेबांतूनच आम्ही डोंबिवलीला गेलो. दादाने वहिनीला काहीच सांगितलं नव्हतं, मुद्दामच. काकूने पाणीसुद्धा घेतलं नाही. “माझा करंडा आण बघू,” म्हणाली.

वहिनी तो फक्त सणावाराला काढते. देवघराच्या फडताळातून तिने तो आणला आणि झाकण उघडलं. कुंकवात बोटाएवढा खळगा होता, आणि खळग्याच्या कडेला काळं तेल.

याचा खुलासा मला आजतागायत सापडलेला नाही. दादाला विचारलं तर तो विषय बदलतो. काकूला खुलासा नकोच होता. करंडा मांडीवर घेऊन, आमच्या कुणाकडेही न बघता, ती अगदी पूर्वीच्याच आवाजात म्हणाली,

“अहो, किती वेळा सांगितलं तुम्हाला!”