खंडोबाच्या माळावरून दिसलेला तेजोमेघ

त्या पौषात मी देवावर भयंकर चिडलो होतो. आईला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. लहानपणी इंदिरानगरच्या गच्चीवर मला मृग नक्षत्र दाखवणारी माझी आई! जन्मभर तुझ्यापुढे दिवा लावणाऱ्या बाईचेच डोळे तुला सापडले का, असं मी त्याला रोज मनात खडसावत होतो.

मृगातला तेजोमेघ, बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तो गुलाबी ढग, तिला दिसतंय तोवर दाखवायचा, एवढंच माझ्या हातात होतं. सातपूरच्या कारखान्यातून सुटलो की घरी घासलेल्या आरशाची दुर्बीण स्कूटरवर बांधून मी शहराबाहेर जायचो आणि दुर्बिणीला रोलचा कॅमेरा जोडून फोटो काढायचो. पण स्टुडिओवाल्याने दोन रोलांची वाट लावली. रात्रीच्या आभाळाच्या फिल्मवर एक फोटो कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो ते त्याला कळेना, म्हणून अंदाजाने कात्री चालवली, ती नेमकी तेजोमेघाच्या मधोमध. वर मलाच विचारतो, "साहेब, झाकण काढायला विसरलात का?" मी असा तडकलो की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली.

तिसरा रोल घेऊन मी सिन्नरच्या पुढे एका माळावर गेलो. तिथे खंडोबाचं छोटं देऊळ आहे. दिवस मावळायच्या आत दुर्बीण मांडत होतो, तेवढ्यात देवळातून एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर नुकतंच जावळ काढलेलं, गुळगुळीत डोक्याचं मूल.

"सायेब, पोराचा एक फोटू काढा ना," बाप म्हणाला.

"हा कॅमेरा तसला नाही!" मी खेकसलो.

"तसला म्हंजी? यात माणूस दिसत नाय व्हय?" बाईने विचारलं.

कॅमेरा अजून दुर्बिणीला जोडला नव्हता. पीडा टळावी म्हणून मी एक फोटो काढला. माझ्या कपाळाला भंडारा लावून ती माणसं खुशीत निघून गेली आणि रोलातला पहिलाच फोटो फुकट गेला म्हणून मी धुसफुसत राहिलो. अंधार पडल्यावर तारे सरकतील तशी हाताने दुर्बीण सरकवत तेजोमेघाचे फोटो घेतले.

स्टुडिओतून पाकीट मिळालं, तेव्हा फिल्म जिथल्या तिथे कापलेली होती. उजेडातल्या पहिल्या फोटोची कड स्पष्ट होती, तिच्यावरूनच पुढचं माप धरलं, असं स्टुडिओवाला म्हणाला. तो पहिला फोटो माळावरच्या त्या पोराचा होता.

आईने खिडकीशी बसून तेजोमेघाचा फोटो डोळ्यांना अगदी चिकटवला. "अगोबाई, गुलाल उधळलाय रे!" म्हणाली आणि किती तरी वेळ पाहत राहिली. मुलाचा फोटो मी पुढच्याच रविवारी देवळातल्या पुजाऱ्याकडे देऊन आलो.

उन्हाळ्यात तिची नजर गेलीच. खंडोबाने ती राखली नाही, याचा राग मला आजही आहे. त्या माणसांना त्यानेच धाडलं होतं का, हा वाद मी घालत नाही. मला जे मागायलाही सुचलं नव्हतं ते मिळालं, एवढं खरं. अजूनही मी देवघरापुढे बसून त्याच्याशी भांडतो. आई शेजारीच जप करत असते. माझं पुटपुटणं फार वाढलं की म्हणते, "अरे, मला दिसलं ना ते. आता त्याला किती बोलशील?" मग मी भांडण तिथेच थांबवतो आणि पुढचं सगळं त्याच्यावर सोडतो.