ओढ्यापलीकडची माझी गाणी

कलावंताचं बाकी सगळं चोरता येतं, त्याची निवड चोरता येत नाही, असं मी एकेकाळी मानत असे. आणि ते मोठ्या आवाजात मानत असे, कारण माझ्याकडे दोन कर्णे होते.

माझी कला सांगायची तर अशी: एकाने लिहिलेलं, दुसऱ्याने चाल लावलेलं आणि तिसऱ्याने गायलेलं गाणं तबकडीवरून सुरू करायचं आणि ते संपेपर्यंत शेजारी बसून राहायचं. आता या धंद्याला डीजे म्हणतात आणि त्यातली मुलं काळा चष्मा लावून नवरदेवापेक्षा उंच जागी उभी राहतात. आम्हाला लाऊडस्पीकरवाला म्हणत आणि मांडवामागे, खरकट्या पत्रावळी टाकायच्या जागेजवळ बसवत. तिथे बसून मी वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचत असे. एरवी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण पंक्चर काढताना कुणी आपल्याला कलावंत समजत नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. गावाबाहेर एक ओढा होता आणि ओढ्याच्या पलीकडे सांगली जिल्हा सुरू होई. जिल्हा बदलल्याचं ओढ्याला माहीत नव्हतं, म्हशींनाही नव्हतं. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि लोक पुन्हा थाटात लग्नं लावू लागले होते. मी सांगलीच्या बाजारातून एकेक करत पेटीभर तबकड्या जमवल्या. पेटीवर पेंटरकडून ‘सुश्राव्य’ असं लिहून घेतलं.

माझ्या गाण्यांचा क्रम ठरलेला होता आणि त्याचा मला गर्व होता. पहाटे दोन भक्तिगीतं. हळदीला एक ओवीसारखं गाणं. वऱ्हाड वेशीत आलं की ढोलकीचं. अक्षता पडल्या की बासरीची तबकडी, म्हणजे पंगत बसली. शेवटी सनई, म्हणजे मुलगी निघाली. पत्रिकेत मुहूर्त छापलेला असे, पण पत्रिका कोण वाचतो? माणसं उसाला पाणी पाजत असत, कान कर्ण्याकडे असत. ढोलकी ऐकली की म्हणत, “आजून येळ हाय.” बासरी ऐकली की फावडं टाकून, पाटात हातपाय धुऊन, थेट पंगतीला येत. अक्षता चुकल्या तरी चालत, बासरी चुकत नसे. आमच्या शिवारात घड्याळं फार थोडी होती, आणि होती ती बहुतेक फौजेतून रजेवर आलेल्यांच्या हातात.

एका लग्नात मी सहज ओढ्याकाठी गेलो, तर माझंच ढोलकीचं गाणं पलीकडून ऐकू आलं. मला वाटलं, प्रतिध्वनी. मग लक्षात आलं की आमच्याकडचं ते गाणं केव्हाच संपलंय. प्रतिध्वनी एका गाण्याने मागे राहत नाही. पलीकडच्या गावातही त्याच तिथीचं लग्न होतं आणि तिथला लाऊडस्पीकरवाला माझं ऐकून माझ्यामागून तेच लावत होता. त्याहून भयंकर गोष्ट पुढे होती. माझ्या त्या तबकडीवर दुसऱ्या कडव्यात चरा होता. तिथे सुई अडकली की मी ती उचलून पुढे ठेवत असे. त्या गृहस्थाची तबकडी, आवाजावरून तरी, कोरी करकरीत होती. तरी त्यानेही दुसऱ्या कडव्यात सुई उचलून पुढे ठेवली.

हा माणूस पीठगिरणी चालवायचा. दिवसभर इंजिनाच्या धडधडीत बसूनही त्याचे कान शाबूत कसे राहिले, हे मला कळलेलं नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी मी त्याला वांग्यांच्या ढिगाजवळ गाठलं.

“काय हो,” मी म्हणालो, “तुम्ही माझी गाणी लावता.”

“तुमची?” त्याच्या भुवयांवर पीठ होतं. “तुमी कवा गायला लागला?”

“गाणी नव्हे, क्रम. एकामागून एक कुठलं लावायचं ते.”

“आवं मालक, तुमी एवढ्यानं वाजवता, मला ऐकू येतंय. लग्नाला जाताना कान काय घरी खुंटीला टांगून जाऊ?”

“पण स्वतःची आवडनिवड म्हणून काही असतं की नाही?”

“हाय की. तुमचं हळदीचं गाणं मला अजिबात आवडत न्हाई. तरी लावतो.” एवढं बोलून त्याने वांगं दाबून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “खरं सांगू का, त्या ढोलकीच्या गाण्यात मधीच उडी मारता न्हवं तुमी, ती लय भारी हाय. आमच्या गावात लोकं त्या उडीची वाट बघत्यात.”

माणूस स्तुती करत असताना भांडण पुढे नेणं अवघड असतं. मी वांगी घेऊन परत आलो. पुढच्या महिन्यात कळलं की त्याने आपल्या पेटीवर ‘अतिसुश्राव्य’ असं लिहून घेतलंय.

हे सगळं मी सोसलंही असतं. पण यात्रा होती.

आमच्या ग्रामदैवताची यात्रा पाच दिवस चाले आणि आसपासच्या वीसेक गावांची माणसं लोटत. यात्रेत वाजवलं की मग आपल्याला कुणी लाऊडस्पीकरवाला म्हणत नाही, ‘यात्रेचा लाऊडस्पीकरवाला’ म्हणतात. मला ते व्हायचं होतं. दुसरं काहीच व्हायचं नव्हतं. यात्रा कमिटीचे प्रमुख होते फौजेतून निवृत्त झालेले आमचे सुभेदार. गावातली सर्वांत कडक इस्त्री आणि सर्वांत कडक मिशा त्यांच्या होत्या. पाटावर बसून दाढी करतानाही ते सावधान बसत. वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न निघालं आणि त्याच तिथीला पलीकडच्या गावातही एक लग्न होतं.

“हे बघ,” सुभेदार मला म्हणाले, “यात्रेला औंदा एकच लाऊडस्पीकर. तू नाहीतर तो गिरणीवाला. लग्नाच्या दिवशी दोघांचं ऐकनार आणि मग हुकूम देनार.”

म्हणजे पलीकडचा माझ्याच गाण्यांवर माझ्याच बरोबरीने पास होणार होता. मी दोन दिवस विचार केला. मग मला युक्ती सुचली. ती इतकी साधी होती की तिच्यात काही खोट असेल अशी शंकाही आली नाही. मुहूर्त दुपारी बाराच्या सुमाराला होता. आपण दहालाच बासरी लावायची. तो ऐकून बासरी लावणार, त्याच्या गावची माणसं शिवारातून जेवायला येणार, लापशी अजून चुलीवर असणार, आणि त्याची शोभा होणार. आमच्या मांडवातल्या लोकांना तर डोळे होते. मुहूर्त व्हायचाय हे त्यांना समोर दिसत होतं.

दहा वाजता मी बासरी लावली आणि कान देऊन बसलो. ती तबकडी संपते न संपते तोच ओढ्यापलीकडून बासरी आली. मी मांडीवर थाप मारली. सापळा शंभर टक्के लागला होता.

मग मी मांडवाच्या कनातीतून बाहेर पाहिलं. आमच्या उसातून माणसं बाहेर पडत होती. एक नाही, दोन नाहीत, पाऊणशेक तरी. कोपरापर्यंत ओले हात, डोक्याला मुंडासं, चेहऱ्यावर शांत समाधान. आमच्या गावालाही कान आहेत, ही गोष्ट माझ्या सबंध योजनेतून निसटली होती.

ती मंडळी सरळ पंगतीच्या जागी गेली आणि ओळीने बसली. मांडवातल्यांनी त्यांना बसलेलं पाहिलं आणि आपल्या डोळ्यांपेक्षा बासरीवर भरवसा ठेवून तेही बसले. वाढप्यांनी सवयीने पत्रावळी टाकल्या. आचारी झारा घेऊन धावत आला.

“आरं कुनी बसवलं ह्यांना? लापशीला आजून आधन न्हाई आलं!”

“आमी काय आपल्या मनानं बसलोय व्हय?” ओळीतला एक म्हातारा म्हणाला. “बासरी झाली की.”

तेवढ्यात वेशीकडून गलका आला. वऱ्हाड मारुतीच्या देवळात थांबलं होतं; मुलीकडच्यांनी वाजतगाजत न्यायला येईपर्यंत त्यांनी जागचं हलायचं नाही अशी रीत. पण त्यांनीही बासरी ऐकली. मुहूर्त टळला, अक्षता पडल्या, आपल्या नवरदेवाशिवाय पंगत बसली, असा त्यांनी अर्थ काढला. आपल्याशिवाय अक्षता कुणाच्या डोक्यावर पडल्या, हा प्रश्न नवरदेवालाही पडला नाही. तो मुंडावळ्या सावरत पळत येत होता. त्याच्यामागे करवल्या, त्यांच्यामागे विहीणबाई, एका हातात वहाण.

“सुभेदार!” व्याह्यांना दम लागला होता. “आमची वाट बघायची न्हाई? आमी काय परकं?”

सुभेदार मांडवाच्या मधोमध उभे होते. त्यांनी पंगतीकडे पाहिलं, नवरदेवाकडे पाहिलं, आणि मग अगदी सावकाश माझ्याकडे पाहिलं. पानावर बसलेल्या माणसाला उठवणं आमच्याकडे सात पिढ्यांचं वैर मानतात. बसलेली तर सव्वाशे पानं होती.

“काय तयार हाय?” त्यांनी आचाऱ्याला विचारलं.

“भात आन् आमटी. वांग्याची भाजी होत आलीय.”

“वाढ. व्याही, बसा. नवरदेव, तू पन बस.”

“अक्षतांच्या आधी?” भटजी म्हणाले.

“भटजी, तुमी पन बसा.”

अशा रीतीने आमच्या गावात आधी पंगत झाली आणि मग लग्न लागलं. भटजी जेवले नाहीत, पण बसले. मंगलाष्टकांच्या वेळी निम्मा मांडव पेंगत होता आणि अक्षता नेमक्या कुणावर टाकायच्या याचा फारसा विचार न करता टाकल्या गेल्या. लापशी सगळं आटोपल्यावर आली, तेव्हा पंगत पुन्हा बसली. पलीकडच्या गावात काय झालं ते संध्याकाळी समजलं: अगदी हेच. गिरणीवाल्याने माझ्यामागून बासरी लावली, माणसं बसली आणि तिथल्या वधूपित्यानेही भात-आमटी वाढली. दोन्ही गावांत लोक म्हणत होते की लग्न झकास झालं, दोनदा जेवायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी आम्हा दोघांना चावडीवर बोलावलं. मी माफीचं भाषण पाठ करून गेलो होतो. त्याची गरज पडली नाही.

“कालची चूक कुनाची?” त्यांनी विचारलं.

“माझी,” मी म्हणालो.

“आन् तू?” त्यांनी गिरणीवाल्याकडे वळून विचारलं. “धा वाजता बासरी? तुला काय वाटलं न्हाई?”

“वाटलं की साहेब. चुकतंय असं वाटलं. पर पुढून आलं, म्हनून लावलं.”

सुभेदारांच्या मिशा थोड्या हलल्या. “यात्रा ह्याची,” ते म्हणाले.

“माझी?” गिरणीवाल्याला माझ्याइतकाच धक्का बसला.

“डोकं चालवनारा यात्रेत नको. डोक्यानं काल माझ्या व्याह्याला पळत आनलं. चुकतंय असं वाटूनही पुढून आलेला हुकूम पाळनारा मानूस फौजेत लय शोधून सापडत न्हाई.”

मी घरी गेलो आणि महिनाभर नुसती पंक्चरं काढली. कर्णे माळ्यावर पालथे घालून ठेवले.

यात्रेच्या आदल्या दुपारी गिरणीवाला दुकानात आला. भुवयांवर पीठ होतंच, पण आज चेहराही पांढरा होता.

“मालक, उद्या काय लावायचं?”

“तुझी यात्रा. तू ठरव.”

“आवं, तुमी वाजवनार न्हाई म्हनल्यावर मला ऐकू काय येनार?” तो सायकलच्या मोडक्या सीटवर टेकला. “धा दिस झाले, तबकड्या पुढं घिऊन बसतोय. एक लावली की दुसरी कंची हे कळतच न्हाई. पाच दिस हायेत, गड्या. लोकं हसतील.”

मला त्याची शोभा पाहायची होती, पण सांगलीच्या बाजूचा माणूस साताऱ्याच्या बाजूला येऊन असा बसला की ती इच्छा टिकत नाही. मी वहीचं पान फाडलं आणि पाच दिवसांचा क्रम लिहून दिला. कुठे भक्तिगीत, कुठे लावणी, कुठे ढोलकी, सगळं. दिलदारी अंगात आली म्हणून ती उडीसुद्धा लिहिली.

त्याने पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मालक, ही तर जत्रेत शिनिमा दावनाऱ्या तंबू थेटरवाल्यांची गाणी. खेळ सुरू व्हायच्या आधी ते हीच लावत्यात. हीच, अशीच, एकामागून एक. आमी ल्हानपनापासनं ऐकतोय.”

“हो,” मी म्हणालो. “तिथूनच उतरवून घेतलीत.”

दुसऱ्या दिवशी यात्रा भरली. तंबू थेटर त्या वर्षी देवळाच्या मागेच लागलं होतं, आणि पाचही दिवस दोन्हीकडून तीच गाणी त्याच क्रमाने वाजत राहिली. तंबूवाल्यांचा आवाज मोठा होता.