बाबांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, आज सकाळी जुना अ‍ॅम्प्लिफायर काढून काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा बसवला. साठ वर्षांपूर्वी मालवणात आमच्या घरी बाबांनी असाच आणला होता. मी तेव्हा सहा वर्षांचा. गाणी लावून बाबा आतल्या खोलीत आईकडे जाताना मला सांगायचे, "आवाज मोठो कर रे." बटण फिरवायचा मान माझा होता. ते मी आजवर कौतुकाने सगळ्यांना सांगत आलो.

आज कुडाळहून ताई आली होती. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. व्हॉल्व्ह तापले, गाणं सुरू झालं, मी आवाज वाढवला. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"बंद कर तो. तुका खराच ठावक नाय? बाबा आत आयेक मारीत. शेजाऱ्यांका ऐकाक येव नये म्हणान तुका आवाज वाढवूक सांगीत."

मी बंद केला. "आयेन माका कधी सांगूक नाय," मी म्हणालो.

"तिना माका शपथ घातलेली. तुझो आनंद जाव नये म्हणान."

दुपारच्या गाडीने ताई गेली. मग मी तो पुन्हा लावला. आवाज मला अजूनही तितकाच गोड लागला, आणि तेच सहन होत नाहीये. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?