ऑनबोर्डवर चालणारा ट्रक

दिग्रसच्या बसस्टँडमागे एक कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथे मी कामाला होते. नवीन मशीन जोडायचं, बिघडलेलं उघडून पाहायचं, सॉफ्टवेअर टाकून द्यायचं. कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस तोंडाने पोरांच्या अभ्यासाचं नाव घ्यायचा आणि निघायच्या वेळेला हळूच विचारायचा, "ताई, याच्यावर गेम चालन ना?"

तेव्हा पडद्यावरचं चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या आतच व्हायला लागलं होतं. पूर्वी ते काम करणारा भाग मदरबोर्डावर असायचा, म्हणून आम्ही त्याला ऑनबोर्ड म्हणायचो. तो तिथून उठून प्रोसेसरमध्ये जाऊन बसला तरी आमचं जुनं नाव सुटलं नाही. वेगळं ग्राफिक कार्ड घेतलं की गेम जोरात पळायचे, पण कार्डाच्या किमतीत अर्धं मशीन यायचं. दुकानाचे मालक, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, कार्डाशिवाय गेम म्हणजे मिठाशिवाय वरण असं गिऱ्हाइकाला सांगायचे. मी म्हणायचे, आधी तसंच चालवून पाहा, नाही पुरलं तर कार्ड टाका. कार्डाची जागा बोर्डावर रिकामीच असते, ती कुठे पळून जात नाही. भाऊ डोळे वटारायचे. बोलत होते मी अगदी ठामपणे, पण तेव्हा माझ्या घरी कॉम्प्युटरच नव्हता.

बाबा ट्रक चालवायचे. जिनिंगच्या कारखान्यातून सरकी काढून निघालेल्या रुईच्या गाठी भरायच्या, ताडपत्री ताणून बांधायची आणि निघायचं, कधी हिंगणघाटला, कधी पार दक्षिणेतल्या सूतगिरण्यांपर्यंत. आई त्याच जिनिंगमध्ये कवडी वेचायला जायची, म्हणजे पांढऱ्या कापसातून पिवळा, किडका कापूस बाजूला काढायला. आमच्याकडे शेत नव्हतं, तरी घर कापसावरच चालायचं. मग ती वाईट वर्षं आली. एका वर्षी पावसाने दगा दिला, पुढच्या वर्षी बोंडअळीने. जिनिंगच्या फाटकासमोर दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, ती लागेचना. आई घरी येऊन म्हणायची, "कवडी वेगळी कायले काढाची? सगळी कवडीच हाय." संक्रांतीच्या आतच जिनिंग बंद पडलं आणि ट्रकमालकाने बाबांकडची गाडी उभी करून टाकली.

बाबा घरी बसले. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, अर्धं दिग्रस घरी बसलं होतं. पण पुढच्या हंगामात कापूस जरा बरा आला, आणि ट्रकमालक स्वतः आमच्या दारात आला. "चाला, गाडी काढा," म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "माह्याच्यानं आता होत नाही. दुसरा पाहा कोणी."

तो गेल्यावर आई बोलायची थांबली. म्हणजे बाबांशी बोलायची थांबली. शेजारणीशी बोलायची, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात. "धडधाकट माणूस घरात बसून राह्यला व बाई. कापूस आला, पन याचं मन नाही आलं." बाबा ऐकून घ्यायचे. सकाळी विहारापर्यंत एक चक्कर, मग पेपर, मग भिंतीला पाठ लावून बसणं. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की मान तेवढी वर व्हायची.

त्याच सुमारास मी भाग जमवून स्वतःसाठी एक मशीन जोडलं. प्रोसेसर सगळ्यात स्वस्तातला, कॅबिनेट जुनं, मॉनिटर एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. कार्ड अर्थातच नाही. मासिकासोबत आलेल्या एका सीडीवर ट्रकचा गेम होता. पुरता नव्हे, थोडाच भाग, चव पाहायला दिल्यासारखा. मी तो टाकला आणि बाबांना हाक मारली.

"हे पाहा, ट्रक."

बाबा आले, उभ्यानेच पाहिलं. "स्टेअरिंग कुठं हाय?"

"हे बटन दाबाचे. हे डावीकडं, हे उजवीकडं. हे गॅस, हे ब्रेक."

"अन् क्लच?"

"क्लच नाही, बाबा."

"क्लच नाही त ट्रक कायचा?" असं म्हणत ते बसले. गेम परदेशातला, तिथे सगळे उजवीकडून चालतात. बाबांनी गाडी सवयीने डावीकडे घातली आणि समोरून येणाऱ्या गाड्यांवर ओरडले, "सारे येडे उलटेच येऊन राह्यले!" स्वयंपाकघरातून आई हसली. किती तरी दिवसांनी हसली, आणि लगेच भांडी आपटून तिने ते हसणं झाकलं.

गाडी मात्र झटके घेत चालायची. थोडी पुढे, मग थबकणार, मग एकदम उडी. बाबांनी कान लावल्यासारखं केलं. "इंजन मिस करून राह्यलं. डिझलमंदी हवा घेतली वाटते."

मी सांगितलं, इंजिन नाही, ग्राफिक्स. ऑनबोर्ड म्हणजे कसं, की एकच माणूस गाडी पण चालवतो आणि हमाली पण करतो. कार्ड घेतलं की हमाल वेगळा मिळतो.

"मंग थकनच ना थो," बाबा म्हणाले. "वझं कमी कर त्याचं."

ते माझं रोजचंच काम होतं. मी सेटिंग उघडलं. सावल्या बंद केल्या, चित्र जरा ढोबळ केलं, आणि आरसे काढले. आरशांचं वजन फार असतं. समोरचा रस्ता काढायचा आणि वर दोन्ही आरशांमध्ये मागचा रस्ता काढायचा, म्हणजे एकच काम तीनदा. आरसे काढल्याबरोबर ट्रक लोण्यासारखा चालायला लागला. मला फार अभिमान वाटला. बाबा थोडं अंतर गेले आणि त्यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"आरसे कुठं गेले?"

"काढले. त्याच्यानंच तं झटके बंद झाले."

"लाव परत. बिगर आरशाची गाडी मी चालवत नाही."

"बाबा, गेम आहे तो."

"मंग गेमच म्हनाचं होतं. मले ट्रक हाय म्हून कायले बलावलं?"

मी आरसे परत लावले. त्यांच्या बदल्यात गवत काढलं, झाडं विरळ केली, लांबचे डोंगर धुक्यात घालवले. तरी बारीक झटके राहिलेच. मग मला सुचलं, की ऑनबोर्डला स्वतःची मेमरी नसते, तो मशीनच्या रॅममधून उसनी घेतो. आणि रॅमची एकच पट्टी असेल तर वाटही एकच. त्या दिवाळीला मी भाऊंना म्हटलं, मला बोनस नको, ड्रॉवरमध्ये पडून असलेली रॅमची एक पट्टी द्या. दुसरी पट्टी बसवली आणि झटके जवळजवळ गेलेच. कार्डाशिवाय एवढं होतं हे मी तोवर नुसतं ऐकून होते.

बाबा रोज खेळायला लागले. वीज असेल तेव्हा सकाळी, जेवणानंतर पुन्हा थोडं. गल्लीतले लोक हसायचे, पण बाबांना त्याचं काही नव्हतं. ते नियमाने चालवायचे. सिग्नल पाळायचे, वळणाआधी वेग तोडायचे, माल उतरवून झाला की उगाच थोडा वेळ गाडी बंद करून बसायचे. एकच गोष्ट मला विचित्र वाटायची. ते खुर्ची पार मागच्या भिंतीला लावून बसायचे. कीबोर्डची वायर पुरेना म्हणून मी तिला जोड आणून दिली. मला वाटलं, उतारवयात लांबचं बरं दिसतं, तसं असेल.

मग एकदा आईने शेजारणीने ठेवायला दिलेली तुरीची पोती आणून त्या भिंतीशी रचली. बाबांना खुर्ची टेबलाजवळ घ्यावी लागली. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबांनी डावीकडे वळण घेतलं आणि सरळ एका गाडीवर घातलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा डावीकडेच धडकले. ज्या माणसाने आयुष्यभर गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, तो.

"बाबा, गाडी होती ना तिथं."

"कुठं?"

ती गाडी अजून तिथेच होती, पडद्याच्या डाव्या बाजूला, लाल रंगाची. मी बोट दाखवलं. बाबांनी बोटाकडे पाहिलं, मग पूर्ण तोंड वळवलं, आणि मग त्यांना ती दिसली. त्यांनी कीबोर्ड मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला.

मी विचारलं, "बाबा, कडेचं दिसत नाही का तुम्हाले?"

आई तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले.

"दारव्ह्याहून येऊन राह्यलो होतो," बाबा म्हणाले. "गाडी खाली होती. एक सायकलवाला डाव्या अंगानं चालला होता. थो मले दिसलाच नाही. क्लीनर वरडला म्हून हात फिरला. थो माणूस पडला, उठला, शिव्या देत चालला गेला. काही झालं नाही त्याले. पन मले थो दिसला नव्हता. आरशात नाही, काचेतून नाही. गाडी आणून लावली न मालकाले चाबी देल्ली. हप्त्याभरात जिनिंगच बंद पडलं."

म्हणजे जिनिंग बंद पडायच्याही आधी त्यांनी ठरवून टाकलं होतं. कापूस बुडाला आणि त्यांना कोणाला काही सांगावं लागलं नाही.

आई उठून समोर येऊन उभी राहिली. "मले काहून नाही सांगतलं?"

"तू भेली असती."

"अन् आता का हासून राह्यली मी?" आई म्हणाली आणि रडायला लागली. मग पदराने तोंड पुसून माझ्याकडे वळली. "उद्याची सुट्टी घे. यवतमाळले जाऊ."

यवतमाळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले, पण रोज थेंब घातले तर उरलेली टिकवता येईल. कडेचं जातं आणि मधलं राहतं, हे त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. तेव्हा मला भिंतीला लावलेल्या खुर्चीचा अर्थ लागला. लांब बसलं की सगळा पडदा त्या उरलेल्या गोलात मावायचा, दोन्ही आरशांसकट. खऱ्या ट्रकचे आरसे तसे मावत नाहीत. परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले होते आणि आई त्यांच्या शेजारी. ती त्यांना रस्त्यावरचं एक एक दाखवत होती आणि ते, दिसलेलं असो की नसो, हो म्हणत होते.

घरी आल्यावर आईने पोती स्वतः ओढून दुसऱ्या खोलीत नेली.

भाऊंना मी हे सगळं सांगितलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी एक वापरलेलं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. "ने, लावून पाह्य. म्हातारा ऑनबोर्डवर कायले चालवते? एकडाव खरा रस्ता दाखव त्याले."

मी कार्ड लावलं आणि सगळी सेटिंग वर नेली. गवत हलत होतं, झाडांच्या सावल्या रस्त्यावर पडत होत्या, ओल्या डांबरावर ऊन चमकत होतं. बाबांनी गाडी काढली आणि पहिल्याच झाडापाशी ब्रेक मारला. पुढच्या झाडापाशी पुन्हा.

"काय झालं?"

"ही सावली हाय का खड्डा?"

"सावली."

"मले समजून नाही राह्यलं." ते थोडं पुढे गेले, पुन्हा थांबले. डोळे चोळले. मग अगदी हळू म्हणाले, "पोरी, तुह्या मेहनतीले नाव नाही ठेवत मी. पन पह्यलेचं लाव. त्याच्यात रस्ता रस्त्यासारका दिसे."

दुसऱ्या दिवशी मी कार्ड परत दिलं. "चाललं नाही का?" भाऊंनी विचारलं. मी म्हटलं, "मशीनले चाललं, बाबाले नाही चाललं."

तेव्हापासून कोणी विचारलं, ताई, याच्यावर गेम चालेल का, की मी उलट विचारायचे, खेळणार कोण आणि कोणता? बंदुकीचे नवे गेम खेळणाऱ्यांना ऑनबोर्ड पुरायचा नाही. ती पोरं वर्षाच्या आत परत यायची आणि मी त्यांना कार्ड टाकून द्यायचे. क्रिकेट, जुन्या मोटारशर्यती, फुटबॉल एवढंच हवं असलेल्याला पुरायचा. काही तर अभ्यासापुरतंच घेऊन जायचे आणि खरोखर अभ्यासच करायचे, असेही होते. पुढे प्रोसेसर सुधारत गेले तसा आतला भाग बराच ताकदवान झाला, आणि भाऊंचीही कार्डाची भाषणं कमी झाली. पण पुरणं म्हणजे काय, हे मला कोणत्याच प्रोसेसरने शिकवलं नाही.

बाबांची उरलेली नजर थेंबांनी टिकली. थेंब घालायचं काम आईचं. बाबा डोकं मागे टाकून बसायचे आणि ती त्यांना, हलू नका, हलू नका, असं दरडावायची. थेंब घातल्यावर काही वेळ डोळे मिटून ठेवायचे असत. एका रविवारी असेच ते डोळे मिटून बसले होते, ट्रक पडद्यावर उभा होता. आईने इकडे तिकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसली. आयुष्यात ती ट्रकच्या केबिनमध्ये एकदाच बसली होती, पुसदपर्यंत, तीही क्लीनरच्या बाजूला.

"गॅस कोनता व?" तिने मला खुणेने विचारलं. मी दाखवला.

गाडी सुटली. आवाज ऐकून बाबांनी डोळे न उघडताच विचारलं, "कोन चालवून राह्यलं?"

"मी," आई म्हणाली. "तुमी चूप बसा."

तिने फाटक ओलांडलं, रस्ता ओलांडला आणि ट्रक थेट समोरच्या वावरात नेला. तिथे तो एका कुंपणाशी जाऊन अडकला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "आता मांगं कसं घ्याचं?"

बाबांनी डोळे उघडले, पाण्याने भरलेले. उठून तिच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि ट्रक मागे घेताना क्लीनर गाडीच्या अंगावर थापटतात तसे खुर्चीच्या पाठीच्या लाकडावर तळव्याने थापटू लागले.

"येऊ दे. येऊ दे. अजून येऊ दे."