एका बंधूसाठी प्रार्थना

नम्रता या विषयावर मी आमच्या चर्चच्या तरुणांपुढे तीनदा बोललो आहे, तेही पडद्यावर स्लाइड्स दाखवून. त्यामुळे अमेरिकेत मंदी आली आणि इथे पुण्यात माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेली, तेव्हा चर्चमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही, हे मी सगळ्यात आधी ठरवलं. देवावर माझा पूर्ण विश्वास होता. मंडळीवर नव्हता.

आमच्याकडे पद्धत अशी, की दारातल्या पेटीत प्रार्थनेच्या विषयांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. रविवारी पाळकसाहेब त्या वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. बायको म्हणाली, "अहो, उभं राहून सरळ सांगून टाका ना." मला प्रार्थना हवी होती, पण निनावी. सूचनाफलक मीच लिहायचो, म्हणजे माझं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं. मग मी शक्कल लढवली. विश्रांतवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून चिठ्ठी कॉम्प्युटरवर टाइप केली आणि प्रिंटरवर छापली. 'विषय: एका बंधूची नोकरी. निकड: फार.' भोवती चौकटही टाकली.

रविवारी पाळकसाहेबांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर खरडलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न. मग माझी चौकटीतली चिठ्ठी निघाली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोन्ही बाजूंनी पाहिली. अख्ख्या मंडळीत प्रिंटर असलेलं घर एकच आहे, हे मला तेव्हा आठवलं. कुणीही वळून माझ्याकडे पाहिलं नाही. इतकी माणसं एकाच वेळी इतकी सरळ समोर बघत बसलेली मी प्रवचनाच्या वेळीसुद्धा पाहिली नव्हती.

उपासनेनंतर चहाच्या वेळी एक निवृत्त शिक्षिका जवळ आल्या. गुडघ्याची चिठ्ठी त्यांचीच होती.

"त्या बंधूला मटण चालतं का हो?"

"तिखट कमी असेल तर चालतं," मी म्हणालो आणि जीभ चावली.

त्या आठवड्यापासून आमच्याकडे डबे सुरू झाले. प्रत्येक जण दारात सांगायचा, "त्या बंधूला पोचता करा." मी गंभीर चेहऱ्याने हो म्हणायचो. जेवताना बायको पातेलं पुढे करून विचारायची, "त्या बंधूला आणखी वाढू?" मला तिचा भयंकर राग यायचा आणि मी ताट पुढे करायचो.

तिसऱ्या आठवड्यात त्या शिक्षिकाबाई स्वतः डबा घेऊन आल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन जिने त्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढल्या होत्या. दार उघडल्यावर त्यांना आधी श्वासच घेता येईना, आणि मग म्हणाल्या, "त्या बंधूला सांगा, तिखट कमी घातलंय." मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

रविवारी चिठ्ठ्या वाचायच्या आधीच मी उभा राहिलो. म्हणालो, "तो बंधू मी आहे."

मग मागच्या बाकावरून शिक्षिकाबाईंचा आवाज आला, "ते कळलंय हो आम्हाला. नोकरी लागली का?"

"नाही."

"मग बसा खाली. पाळकसाहेब, चालू द्या."

पाळकसाहेबांनी तीच प्रार्थना पुन्हा केली. शब्दही तेच होते, फक्त या वेळी 'एका बंधू'च्या जागी माझं नाव घेतलं. ते कानावर पडलं आणि मी भर चर्चमध्ये हुंदके देऊन रडलो.